एका ग्रॅमात पावणेसहा गुंठे : रत्नागिरीत सच्छिद्र पॉलिमर बनवताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय मला १४ जुलै २०२५ ला मिळाला आणि बांधलेला रिपोर्ट २०२६ च्या मार्चमध्ये शिमग्यानंतर हातात आला. मधल्या आठ महिन्यांतला प्रत्यक्ष प्रयोग जोडला तर तो जेमतेम सव्वा महिना भरेल. बाकीचा वेळ कुठे गेला, ते लिहून ठेवते. आमच्या मागून येणाऱ्या पोरांना निदान कळेल की अडकलोय ते फक्त आपणच नाही.

सरांना सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमर करायचा होता. सच्छिद्र म्हणजे आतून स्पंजासारखा, पण भोकं इतकी बारीक की एका भोकात मोजके रेणूच मावतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड धरायला, पाण्यातले जड धातू ओढायला अशा पदार्थांचा उपयोग होतो. सुरुवातीला आमची उडी मोठी होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये आम्लातही टिकणारी अशी एक स्फटिकी चौकट केली होती, तसं काहीतरी करावं असं सरांच्या मनात होतं. मग त्यातल्या ट्रायअल्डिहाइड या घटकाची किंमत पाहिली आणि दोघेही गप्प झालो. दुसरा रस्ता बेंझिनसारखे साधे घटक फेरिक क्लोराइड घालून एकमेकांत विणायचा. पण त्याला डायक्लोरोइथेन हे विषारी द्रावक लागतं आणि आमच्या फ्यूमहूडचा (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा) पंखा धूर बाहेर टाकण्यापेक्षा आवाजच जास्त करतो. म्हणून तोही बाद.

उरलं मेलामाइन आणि पॅराफॉर्माल्डिहाइड. दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्ही स्वस्त. मेलामाइनच्या रेणूला तीन अमाइन (म्हणजे नायट्रोजनचे) हात असतात, फॉर्माल्डिहाइड त्यांना एकमेकांशी जोडत जातं. डीएमएसओ या द्रावकात १७० अंशांवर ७२ तास ठेवलं की जाळं तयार होतं. बाहेरून वेगळं उत्प्रेरकही लागत नाही. शोधनिबंध वाचून मला वाटलं होतं, दिवाळीपर्यंत आटपेल.

खरेदीतच ऑगस्ट गेला. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, परचेस कमिटीची सही, मग ऑर्डर. तीनपैकी एका दुकानदाराने मेलामाइनऐवजी सुतार फर्निचरला मारतात त्या मेलामाइन पॉलिशचा दर पाठवला. दुसऱ्याच्या कागदावर जीएसटी नंबर नव्हता, म्हणून अख्खा तक्ता परत आला. (कोटेशन मागतानाच रसायनाचा कॅस नंबर, म्हणजे त्याचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक, लिहा. मेलामाइनचा १०८-७८-१ आहे. पॉलिश येणार नाही.) २० ऑगस्टला ऑर्डर गेली, २७ ला गणपती बसले आणि गौरी-गणपती घरी गेल्याशिवाय कोकणात कुठलंच कागदपत्र हलत नाही हे मी वेगळं सांगायला नको. माल ११ सप्टेंबरला आला : मेलामाइन ५०० ग्रॅम ६४० रुपये, पॅराफॉर्माल्डिहाइड ५०० ग्रॅम ५२०, डीएमएसओ ५०० मिली ८९०. आत टेफ्लॉनचं भांडं असलेला स्टीलचा ऑटोक्लेव्ह, २५ मिलीचा, ३,२००.

तीन दिवस-रात्र ओव्हन चालू ठेवायचा तर प्राचार्यांची लेखी परवानगी लागते, हे मला माल आल्यावर कळलं. अर्ज, विभागप्रमुखांची शिफारस, रात्रपाळीच्या वॉचमनची सही, ओव्हनवर चिकटवलेला फोन नंबर. त्यात आणखी चार दिवस. हा अर्ज माल यायच्या आधीच टाकून ठेवावा.

पहिली खेप १६ सप्टेंबरला लावली. १.५१ ग्रॅम मेलामाइन, ०.६५ ग्रॅम पॅराफॉर्माल्डिहाइड, १२ मिली डीएमएसओ. म्हणजे भांडं निम्मं भरलेलं; बंद भांडं त्याहून फारसं भरू नये. आधी १२० अंशांवर तासभर ठेवायचं, हूडमध्ये सावकाश काढून ढवळायचं, सगळं विरघळून पाण्यासारखं स्वच्छ झालं की परत आत ठेवून १७० ला न्यायचं. हातमोजे नायट्राइलचे घाला. डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि जाताना त्यात विरघळलेलं जे असेल ते घेऊन जातं. माझ्या मनगटावर एक थेंब पडला, तर संध्याकाळपर्यंत तोंडाला लसणाची चव येत होती.

रात्री दोनला वारा सुटला आणि वीज गेली. ती सकाळी साडेसातला आली. मी घाबरून ऑटोक्लेव्ह उघडून बघितला. आत नुसतं फाटलेलं दूध.

दुसरी खेप २२ तारखेला. ७२ तास वीज एकदाही गेली नाही. तरी आतला गोळा चमच्याने कापता येईल इतका मऊ होता आणि उकळत्या पाण्याने धुतल्यावर जेमतेम ०.६ ग्रॅम उरला. मेलामाइन गरम पाण्यात विरघळतं, म्हणजे बरंचसं जाळ्यात गुंतलंच नव्हतं. दोन दिवस मी माझी गणितं तपासत बसले. शेवटी लॅबमधले मामा म्हणाले, "ओव्हनवर इश्वास ठेवू नको. तो माझ्यापेक्षा म्हातारा." ओव्हनच्या डोक्यावर हवा जायला एक भोक असतं, त्यातून २५० अंशांचा काचेचा थर्मामीटर सोडला. पडद्यावर १७०, थर्मामीटरवर १४८. बावीस अंशांचा फरक! पडद्यावर १९२ लावल्यावर आत १७० आले. नव्या ओव्हनवर काम करत असलात तरी पहिल्या दिवशीच हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी खेप ६ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी आत गेली. मधेच बुधवारी, ८ तारखेला, रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं : सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी, धातू-सेंद्रिय चौकटींसाठी. म्हणजे आमच्याच गल्लीतली माणसं. आमच्यात धातू नाही आणि स्फटिकाची शिस्त तर मुळीच नाही, पण मुद्दा तोच. पदार्थ असा बांधायचा की आत जागा रिकामी राहील. विभागात सगळ्यांना चहा झाला. मी मात्र दर दोन तासांनी थर्मामीटर बघत होते.

गुरुवारी ओव्हन बंद करून भांडं आपोआप थंड होऊ दिलं. नळाखाली धरायचा मोह होतो, धरू नये. उघडल्याबरोबर जो वास आला तो सांगायलाच हवा. डीएमएसओ फार तापलं की थोडं फुटतं आणि त्यातून डायमिथिल सल्फाइड निघतं. समुद्राच्या वासात जो ओळखीचा दर्प असतो, त्यातही हाच वायू असतो. मामा दारातून म्हणाले, "काय गो, भट्टीत सुकट ठेवलीस काय?" इतर ठिकाणी या वासाने लोक लॅब सोडून पळतात म्हणे. आमच्याकडे कोणी मान वर केली नाही.

आत खरवस होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. भांड्याच्या आकाराची पांढरीशुभ्र, घट्ट वडी. बोटाने दाबली तर किंचित दबे आणि कडेला द्रावक सुटे. सुरीने कापली तर कापलेली बाजू गुळगुळीत होती. मी फोटो काढून घरी पाठवला, तर आईचं उत्तर आलं, "वेलची घातलीस का?"

इथे मी घाई केली. सिंटर्ड क्रुसिबल (तळाला सच्छिद्र काच असलेली गाळणी) एकच होतं आणि त्यात वडीची निम्मीच भुकटी मावत होती. ती निम्मी मी कुटून, ॲसिटोनने दोनदा धुऊन, सरळ १०० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवली. दुसरी निम्मी ॲसिटोनमध्ये बुडवून बाटलीत बंद केली आणि विसरले. वाळलेल्या भुकटीचा इन्फ्रारेड, म्हणजे रेणूतला कुठला बंध कुठल्या आकड्यावर किरण शोषतो त्याचा आलेख, आमच्याकडेच झाला. मेलामाइनची ३४७० आणि ३४२० जवळची टोकदार दोन शिंगं गेली होती, १५५० आणि ८१० च्या आसपासच्या, मेलामाइनच्या मधल्या ट्रायझीन कड्याच्या खुणा शाबूत होत्या. नमुना ज्यात मिसळून दाबतात ती पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी मात्र पावसाळी हवेत पाणी पिते आणि ते पाणी नेमकं ३४०० च्या आसपास उगवतं, म्हणजे जिथे आपल्याला शिंगं गेली की नाहीत ते बघायचं असतं तिथेच. ब्रोमाइड आधी भाजून घ्या आणि गोळी झाल्या झाल्या मशीनला लावा.

पृष्ठफळ, म्हणजे आतल्या भोकांच्या भिंती धरून एकूण पृष्ठभाग, मोजायचं मशीन आमच्याकडे नाही. कोल्हापूरच्या एका उपकरण केंद्राचा फॉर्म १५ ऑक्टोबरला भरला. नमुन्याचा कोड, अंदाजे पृष्ठफळ, किती अंशांवर डीगॅस करायचं, विषारी आहे का, मार्गदर्शकांची सही, प्राचार्यांचा शिक्का. एका नमुन्याला १,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. दिवाळीनंतरचा, ६ नोव्हेंबरचा नंबर लागला. कुरिअरवाल्याने पांढरी भुकटी बघून हात जोडले. त्याला सेफ्टी डेटा शीट आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र हवं होतं, आणि ते दोन्ही दिल्यावरही तो "वरती विचारतो" म्हणाला. मग मी डबी पर्समध्ये टाकून आंबा घाटातून एसटीने स्वतःच गेले.

या मोजणीचं तत्त्व सुंदर आहे. ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेलं. नमुना उणे १९६ अंशांना, द्रव नायट्रोजनमध्ये थंड करायचा आणि थोडा थोडा नायट्रोजन वायू आत सोडायचा. वायूचे रेणू भिंतींना चिकटत जातात. भिंतीवर एक थर बसायला किती रेणू लागले ते काढलं की भिंत केवढी ते कळतं. एखाद्या घराच्या भिंती रंगवायला किती डबे लागले यावरून घर मोजावं, तसं. पण त्याआधी भोकं खरोखर रिकामी हवीत, म्हणून तापवून निर्वात करायचं. त्यालाच डीगॅस म्हणतात.

१४ नोव्हेंबरला फोन आला. डीगॅस होईना. १२० अंशांवर बारा तास ठेवूनही वजन उतरतच होतं आणि पंपाला वास मारत होता. भोकांत डीएमएसओ तसंच बसलेलं. ते १८९ अंशांना उकळतं. १०० अंशांच्या ओव्हनला ते कशाला दाद देईल? नमुना परत. तिथल्या ऑपरेटर मॅडम मात्र भल्या. पैसे पुढच्या खेपेला वळते करून घेतले आणि जाता जाता विचारलं, "सॉक्सलेट केलं होतंस का?" केलं नव्हतं. (सॉक्सलेट म्हणजे द्रावक उकळून, त्याची वाफ थंड करून नमुना पुन्हा पुन्हा ताज्या द्रावकाने धुणारं काचेचं उपकरण.)

त्या रात्री मी होस्टेलच्या गच्चीवर बसून रडले, हेही लिहून ठेवते. विषय बदलायला वेळ उरला नव्हता.

मग बाटलीतली विसरलेली निम्मी आठवली. पाच आठवडे ॲसिटोनमध्ये मुरत पडलेली. तिला सॉक्सलेटमध्ये मिथेनॉलने २४ तास धुवायचं ठरलं. अडचण एवढीच की कॉलेजचं पाणी पाचनंतर बंद होतं आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला पाणी सतत फिरतं हवं. फिशटँकचा १८० रुपयांचा पंप आणला, बादलीत बर्फ टाकला, तेच पाणी फिरवत राहिले. रोज आठ तास, तीन दिवस. नंतर टीएचएफ या हलक्या द्रावकाने एक फेरी, आणि शेवटी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर, वाढवत न्यायची घाई न करता. आधीच्या वाळलेल्या भुकटीलाही हाच सगळा सोपस्कार केला, पण ती तोवर तांदळाच्या कणीसारखी कडक आणि पिवळसर झाली होती. दुसरी निम्मी मात्र खडूच्या धुळीसारखी हलकी. तेवढ्याच वजनाला डबी दुप्पट भरत होती.

तेव्हा वजनकाट्यावर एक गोष्ट पाहिली ती मला अजून दिसते. व्हॅक्यूममधून नुकतीच काढलेली भुकटी मोजायला घेतली, ०.१००० ग्रॅम. काट्याची दारं लावून वहीत आकडा लिहायला वाकले. मान वर केली तर ०.१००९. बघता बघता १०१७, १०२६. काटा बिघडला असं वाटून मी हात मागे घेतला. काटा ठीक होता. भुकटी रत्नागिरीची हवा पीत होती. आम्ही महिनाभर खटपट करून रिकामी केलेली भोकं ती माझ्या डोळ्यांसमोर पाण्याने भरून घेत होती. त्यानंतर मी नमुना कधीही उघड्यावर मोजला नाही. बाटली आधी मोजायची, भरून, बूच लावून पुन्हा मोजायची. डेसिकेटरमधलं (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातलं) निळं सिलिका जेल इथे चार दिवसांत गुलाबी होतं, ते मामा शेंगदाण्यासारखं भाजून परत निळं करून देतात.

दोन्ही नमुने ८ डिसेंबरला दिले. २ जानेवारीला ईमेल आला. घाईने वाळवलेला : ग्रॅमला ६३ चौरस मीटर. विसरलेला : ५८७. खेप एक, ओव्हन एक, वडीसुद्धा एकच. शोधनिबंधांत याच पॉलिमरचे ९०० च्या वरचे आकडे आहेत, त्यामुळे आमचं काही फार मोठं नाही. पण मला ६३ आणि ५८७ मधलं अंतर जास्त मोलाचं वाटतं. जाळं ओलं असताना मऊ असतं. जड द्रावक भोकांतून आटताना भिंतींना आत ओढतं आणि भिंती एकमेकींना चिकटून बसतात. हलक्या द्रावकांनी पायरीपायरीने बदली केली तर ती ओढ कमी पडते.

बाबांना फोन केला. आमची गुहागरजवळ सुपारीची बाग आहे, त्यांना चौरस मीटरमध्ये काही कळत नाही. गुंठ्यात करून सांगितलं : एक ग्रॅम भुकटीत पावणेसहा गुंठे. ते जरा थांबून म्हणाले, "सातबारा कोणाच्या नावावर?"

पुढचा प्रयोगही बागेतूनच सुचला. पावसाळ्यात सुपारीच्या गळीवर आम्ही बोर्डो फवारतो, मोरचूद आणि चुना. भुकटी मोरचुदातलं तांबं धरते का ते बघायचं ठरलं. ०.०१ मोलर द्रावण २५ मिली, त्यात १०० मिलीग्रॅम भुकटी, रात्रभर हलवत ठेवली. सकाळी गाळली तर पांढरी भुकटी फिकट निळी, आणि कितीही पाण्याने धुतली तरी निळीच. गाळलेल्या पाण्याचं टायट्रेशन साधं, बीएस्सीला सगळेच करतात ते : पोटॅशियम आयोडाइड, हायपो (सोडियम थायोसल्फेट), स्टार्च. पाण्यात तांबं जितकं जास्त, तितकं आयोडीन सुटतं आणि तितका हायपो लागतो. आधी दहा मिलीला हायपो १०.० मिली लागत होता, आता ८.१. म्हणजे ग्रॅममागे सुमारे ३० मिलीग्रॅम तांबं. कडक झालेल्या भुकटीला ९.६, म्हणजे जेमतेम ६. पृष्ठफळ नऊपट असून तांबं पाचपटच, कारण तांबं नुसत्या भिंतीला नाही, भिंतीवरच्या नायट्रोजनला धरतं. गाळल्याशिवाय टायट्रेशन करू नका. सुटलेलं आयोडीनसुद्धा ही भुकटी गिळते आणि उत्तर खोटंच चांगलं येतं. मी एकदा त्यात फसले आणि अर्धा दिवस आनंदात होते.

बाबांनी विचारलं की पिंपातलं उरलेलं बोर्डो यात टाकलं तर? नाही. चुन्यामुळे त्यातलं तांबं आधीच न विरघळणारं झालेलं असतं, भुकटीच्या वाट्याला काही येत नाही.

खर्च एकूण १२,८२० झाला. ऑटोक्लेव्ह आणि तीन रसायनं धरून ५,२५०, धुण्याची द्रावकं २,७५०, पंप १८०, तपासणी ३,५४०, कोल्हापूरच्या खेपा आणि खाणं १,१००. कॉलेजकडून १०,००० मिळाले. पंपाचं बिल जीएसटीचं नसल्याने ते कोणीच धरलं नाही. गंमत बघा, एका खेपेतलं मेलामाइन आणि पॅराफॉर्माल्डिहाइड मिळून दोन रुपये साठ पैशांचं होतं. डीएमएसओ एकवीस रुपयांचं. बाकी पैसा भांड्यात, धुण्यात आणि तपासणीत गेला. "स्वस्त घटकांपासून" असं रिपोर्टच्या शीर्षकात लिहिताना माझा हात अडखळला, पण सर म्हणाले घटक स्वस्तच आहेत, राहू दे.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हे आणि मेलामाइनची ताटली, फरक काय?" मला घाम फुटला, कारण घटक खरंच तेच. मग मी खरवसाचं सांगितलं. ताटली साच्यात दाबून, तापवून घट्ट करतात, आत रिकामी जागा उरूच देत नाहीत. इथे जाळं जमताना मधली जागा डीएमएसओ अडवून बसतं, आणि मग आपण त्याला न दुखवता बाहेर काढतो. ते हसले, आणि पुढचा प्रश्न थेट सॉक्सलेटवर विचारला.

५८७ वाल्या भुकटीतली तिसरा हिस्सा उरली आहे. बाटलीवर तारीख आणि "उघडू नये" लिहून डेसिकेटरमध्ये ठेवली आहे. जूनपासून ज्युनिअर बॅचमधला एकजण तिच्यावर कार्बन डायऑक्साइडचं बघणार आहे. त्याला ओव्हनचे बावीस अंश सांगून झालेत. फिशटँकचा पंप डाव्या कपाटात खालच्या खणात आहे, आणि तो माझा आहे.